बुद्ध सर्किट तोंडपाठ होतं, तरी तिसऱ्या वळणाला चुकलो : रेसिंग सिममधला ट्रॅक कितपत खरा?

तिसरा_गिअर

२०११ च्या सप्टेंबरात कोडमास्टर्स कंपनीचा फॉर्म्युला वनचा गेम 'एफ१ २०११' आला आणि ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आम्ही हॉस्टेलच्या पोरांनी पहिल्यांदा बघितलं ते त्या गेममध्ये. पहिली खरी शर्यत होती ३० ऑक्टोबरला. म्हणजे खऱ्या एफ१ गाडीनं तिथं एक फेरी मारायच्या आधी आमच्या खोलीत शे-दोनशे फेऱ्या होऊन गेल्या होत्या. गेम बनत होता तेव्हा जागेवर मातीकाम चालू होतं, त्यामुळे त्यांनी जे उभं केलं ते आराखड्यांवरूनच. ५.१२५ किलोमीटर, १६ वळणं, तिसऱ्या वळणाचा तो चढ, मग किलोमीटरभर सरळ, पुढे दहा-अकराचं न संपणारं उजवं वळण. सगळं पाठ. वर्गात बसून डोळे मिटले तरी गिअर बदलता यायचे.

उधारउसनवार करून शर्यतीला गेलो. शुक्रवारच्या सरावात ट्रॅकवर कुत्रं आलं आणि लाल झेंडा दाखवून सराव थांबवावा लागला, आठवत असेल बऱ्याच जणांना. दुसरी गोष्ट धूळ. गाडीनं नेहमीची लाइन सोडली रे सोडली की मागे धुरळा. आमच्या गेममध्ये कुत्रंही नव्हतं आणि धूळही नव्हती. तेव्हा हसलो आणि सोडून दिलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात तिथंच एका ट्रॅक-डेला माझी स्वतःची जुनी पोलो घेऊन उतरलो. आधी महिनाभर असेटो कोर्सा या रेसिंग सिममध्ये (सिम म्हणजे खऱ्यासारखी गाडी चालवायचा गेम) बुद्धचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेला ट्रॅक, टाकून तयारी. वळणं कुठे, उतार कुठे, सगळं जागच्या जागी, तक्रार नाही. पण तिसऱ्या वळणाला माझा ब्रेक चुकला, चांगला पंधरा मीटर पुढे. कारण हसाल. मी घरी एका जाहिरातीच्या फलकाकडे बघून ब्रेक मारायला शिकलो होतो, आणि तो फलक तिथं नव्हताच. शर्यतीच्या आठवड्यात लावलेला, नंतर काढून नेलेला.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. ट्रॅक 'अचूक' म्हणतात तेव्हा नेमकं काय अचूक असतं? जमिनीचा आकार? की त्या दिवशीची सगळी जागा? जाणकारांनी प्रकाश टाकावा. अजाणकारांनीही टाकावा, आपल्याकडे तशी प्रथाच आहे.

---

जुना_खेळिया

धागा आवडला. माझं वय इथे उघडं पडणार, पण असो.

पॅपिरसचा 'ग्रां प्री लेजंड्स' १९९८ चा. विषय १९६७ चा एफ१ हंगाम. पंख नाहीत, सायकलपेक्षा थोडे बरे टायर, आणि ताकद भरपूर. मावसभावाच्या पेंटियमवर जॉयस्टिकनं खेळायचो. पहिल्या संध्याकाळी मी पहिलं वळण पार केलं नाही. एकदाही नाही. मावसभाऊ म्हणाला, गेम बिघडलाय. गेम बिघडलेला नव्हता, आम्हीच कधी गाडी चालवली नव्हती.

तेव्हा लेसरनं ट्रॅक मिलिमीटरपर्यंत मोजणं-बिजणं काही नव्हतं. जुने नकाशे, फोटो, शर्यतींचं चित्रण यावरून ट्रॅक उभे केलेले. बेल्जियमचं १४ किलोमीटरचं जुनं स्पा सर्किट, शेतांमधून, घरांच्या भिंती चाटून जाणारं. आजच्या मोजमापानं तपासलं तर उंची कुठे कमी, कुठे जास्त निघेल. पण मास्टाच्या सरळ रस्त्यावर मधोमध जो वाकडा झटका आहे, तिथे पाय उचलू की नको हा प्रश्न रोज रात्री पडायचा. माझ्या लेखी खरेपणा तो.

आणि एक गंमत. १९६७ ची फ्रेंच ग्रां प्री झाली होती ले मान्सच्या बुगाटी सर्किटवर. गेमवाल्यांनी ते चक्क वगळलं आणि त्याजागी रुआँचं सर्किट दिलं. इतिहासाशी सरळसरळ बेईमानी! पण रुआँचा तो उतार एकदा केलात की तक्रार करायला तोंड उघडणार नाही. आता तर रुआँचे स्टँड, पिट सगळं पाडून झालंय. म्हणजे उरलंय ते गेममध्येच. त्याची अचूकता कशाशी ताडून बघणार?

---

कोथरूडची_काकू

माझा अधिकार नाही, पण आमच्या जेवणाच्या टेबलाला ते गेमचं चाक गेली दोन वर्षं क्लॅम्पनं आवळलेलं आहे, तेवढ्या हक्कानं लिहिते.

चिरंजीव त्यावर जर्मनीतला कुठला तरी वीस किलोमीटरचा रस्ता न चुकता करतात. परवा खऱ्या गाडीच्या पहिल्या धड्याला सोसायटीच्या रॅम्पवर चार वेळा गाडी बंद पाडली. वर मलाच सांगतो, "आई, सिममध्ये क्लच ऑटो आहे." मग त्या मिलिमीटरचं काय लोणचं घालायचं?

---

अर्धवट_अभियंता

काकू _/\_ 

मी सर्व्हेच्या धंद्यात आहे, गेमच्या नाही. पण यंत्रं तीच, म्हणून सांगतो.

लेसर स्कॅनर तिकाटण्यावर ठेवतात नाहीतर गाडीच्या टपावर बसवतात. तो चोहीकडे किरण फेकतो, परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. हाती येतो तो ठिपक्यांचा ढग. करोडो ठिपके, प्रत्येकाला तीन आकडे. रस्ता, कठडा, झाड, मध्येच आलेला वॉचमन, सगळं त्यात असतं. आमच्याकडे हायवेच्या कामाला हेच वापरतो, फक्त आमच्या ढगात म्हशीही येतात. तर गेमवाले हा ढग चाळतात, नको ते काढतात, आणि उरलेल्यावरून त्रिकोणांची जाळी विणतात. बहुतेक वेळा दोन जाळ्या असतात. एक डोळ्यांसाठी, एक टायरसाठी. तुम्हाला जी दिसते तिच्यावर गाडी चालत नसते! टायर ज्या जाळीवर चालतो ती वेगळी आणि जास्त बारीक. स्टिअरिंगला जो दणका बसतो तो तिच्यातून येतो.

आता खरी मेख. हे सगळं झालं आकाराचं. डांबराची पकड कोण मोजतं? असेटो कोर्साच्या ट्रॅकच्या फोल्डरमध्ये जाऊन बघा, पृष्ठभागांची एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात प्रत्येक पृष्ठभागासाठी घर्षणाची एक ओळ. रस्त्याला ०.९८ वगैरे. नोटपॅडमध्ये उघडा, आकडा बदला, सेव्ह करा, झाला ट्रॅक घसरडा. लाखोंचं यंत्र लावून मिलिमीटर मोजायचा आणि पकडीचा आकडा मात्र चालवून बघून, ड्रायव्हरला विचारून, 'जरा कमी कर' म्हणून ठरवायचा. आकार मोजलेला असतो, पकड ठरवलेली असते. तिसरा_गिअर यांच्या धुळीचं उत्तर इथं आहे.

(हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. दुसरा उपाय काय? डांबर एकाच ट्रॅकवर चार प्रकारचं, सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं.)

---

चहा_आणि_चिकेन

चिकन नाही, 'चिकेन' म्हणजे ट्रॅकवरची नागमोड. दर वेळी सांगावं लागतं.

@अर्धवट_अभियंता, थोडी भर. आरफॅक्टर २ या सिममध्ये 'रिअल रोड' म्हणून प्रकार आहे. गाड्या जिथून जातात तिथे रबर बसत जातं, लाइन काळी पडते, पकड वाढते. आयरेसिंग या दुसऱ्या सिमनंही २०१५ पासून तसं आणलं. तिथे पाऊस यायला मात्र २०२४ उजाडलं. त्यामुळे 'एक आकडा' हे आता सगळीकडे खरं नाही. पण सुरुवातीचा आकडा माणूसच ठरवतो हे मान्य.

बाकी माझं मत सरळ आहे. अचूकतेचं फार स्तोम माजलंय. ग्रान टुरिस्मो या गेमच्या १९९७ च्या पहिल्या भागात एकही खरा ट्रॅक नव्हता. ट्रायल माउंटन, डीप फॉरेस्ट, सगळी मनानं रचलेली. आज मला झोपेतून उठवून विचारा, ट्रायल माउंटनच्या बोगद्यानंतर कुठे वळायचं ते सांगेन. माझ्या सासरच्या गल्लीबद्दल तेवढ्या खात्रीनं सांगता येणार नाही.

---

राईनकाठी

काकूंच्या चिरंजीवांचा तो वीस किलोमीटरचा रस्ता म्हणजे नुर्बुर्गरिंगची नॉर्डश्लाइफ, २०.८३२ किलोमीटर. मी कोलोनला राहतो, तासा-सव्वा तासावर आहे. त्यामुळे हा प्रतिसाद लांबणार, चहा घेऊन बसा.

इथे येण्याआधी पुण्यात सिमवर हिच्या हजारेक फेऱ्या झाल्या असतील. लेसर स्कॅन आला तो २०१५ मध्ये, असेटो कोर्सामध्येही आणि आयरेसिंगमध्येही. त्याआधीच्या एका गाजलेल्या कन्सोल मालिकेत हाच रस्ता जवळजवळ दीडपट रुंद वाटायचा. रुंद रस्त्यावर अर्थातच शूर होतो आपण. स्कॅनवाली आवृत्ती टाकली त्या रात्री मी पहिल्या दोन किलोमीटरांत चार वेळा कठड्यात. वळणं तीच, फक्त रस्ता आपल्या खऱ्या मापावर आला होता.

मग दोन वर्षांपूर्वी प्रत्यक्ष गेलो. शर्यत नसते तेव्हा तो टोलचा एकेरी रस्ता असतो, तिकीट काढून कुणीही जाऊ शकतं. वाहतुकीचे नियम लागू, उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही, आणि कठड्याला पोचा आणलात तर त्याचं बिल तुम्हाला. गाडी भाड्यानं घेतली. स्विफ्ट! इतक्या लांब येऊन स्विफ्ट, बायको अजून सांगते सगळ्यांना.

काय जुळलं? रस्ता. शपथेवर सांगतो, पहिल्या फेरीला मला प्रत्येक आंधळ्या वळणापलीकडे काय आहे ते माहीत होतं. शेजारी बसलेला मित्र पांढराफटक, मी आरामात सांगतोय, आता डावं येईल, मग लगेच उजवं. आडेनाउअर फॉर्स्टला नवखे लोक हमखास सरळ गवतात जातात. मी नाही गेलो. ही सिमची कमाई.

काय जुळलं नाही? चढउतार. सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या बिंदूत साधारण ३०० मीटरचा फरक आहे, म्हणजे खोपोलीहून खंडाळ्याला चढतो त्याच्या निम्म्याहून जास्त. आकड्यानं ठाऊक होतं. पण फुक्सरोरचा उतार उतरताना पोट जे वर येतं आणि तळाला गाडी जी दाबली जाते, ते टेबलाला लावलेलं चाक सांगूच शकत नाही. पडद्यावर तो उतार एक किंचित झुकलेला रस्ता दिसतो. तिथे तो विहीर वाटतो. आणि तळाला गेल्यावर मी ब्रेक मारला. जिथे घरी कधीच मारत नाही तिथे! पायानं परस्पर मारला, मला विचारलंही नाही.

दुसरं, कारुसेल नावाचं वळण. काँक्रीटची ती खोलगट वाटी. सिममध्ये चाक थरथरतं, छान वाटतं. स्विफ्टमध्ये दात वाजले, चष्मा नाकावर आला, डॅशबोर्डवरचा मोबाइल मित्राच्या मांडीवर. काँक्रीटच्या प्रत्येक सांध्याला ठक्, ठक्, ठक्. सांधे स्कॅनमध्येही आहेत हो. पण माझ्या खुर्चीखाली नव्हते.

आणि इथल्या आयफेल डोंगरातली हवा. एका टोकाला ऊन, दुसऱ्या टोकाला रस्ता ओला. ओल्यात त्या रस्त्यावर लोकांनी रंगवलेली नावं घसरतात. स्कॅनमध्ये ती नावं आहेत, पण त्या साली रंगवलेली. मी गेलो तेव्हा तिथं दुसरीच होती.

---

तिसरा_गिअर

राईनकाठी, दंडवत. "पायानं परस्पर मारला" हे अगदी माझंच.

चढउतार सपाट दिसण्याचं एक कारण मात्र घरच्या घरी दुरुस्त होतं. दृष्टीचा कोन. माझा मॉनिटर २७ इंची, डोळ्यांपासून ६० सेंटिमीटरवर. पडद्याची रुंदी जवळपास ६० सेंमी. हिशेब केला तर तो पडदा माझ्या नजरेत आडवा ५३ अंश व्यापतो. गेम मात्र आपणहून त्याच पडद्यात याहून बरंच जास्त दृश्य कोंबतो. मग लांबचं आणखी लांब जातं, वळण उघडं दिसतं, चढ दबतो. असेटो कोर्सा उभा कोन मागतं, तो माझ्यासाठी ३१ निघाला. टाकल्यावर पहिले दोन दिवस खिडकीच्या फटीतून गाडी चालवल्यासारखं झालं, आरसे दिसेनात, वेग मेल्यासारखा वाटला. तिसऱ्या दिवशी ब्रेकच्या जागा आपोआप जुळल्या. फुकट उपाय आहे. चाकावर पन्नास हजार घालायच्या आधी फूटपट्टी घ्या.

---

घोडा_मैदान

वाचतोय. बजेटमध्ये चांगलं चाक कुठलं?

---

चहा_आणि_चिकेन

वेगळा धागा काढा राव, इथे भलताच सूर लागलाय.

---

जुना_खेळिया

राईनकाठींनी रंगवलेल्या नावांचं जे लिहिलं त्यावरून. स्कॅन म्हणजे शेवटी फोटोच, त्यावर तारीख असते. २०२० ला झांडफोर्ट ट्रॅकची दोन वळणं चांगली १८-१९ अंशांनी तिरपी केली, जुना झांडफोर्ट एका दिवसात इतिहासजमा. २०२२ ला स्पाला खडीचे पट्टे परत आले. २०२३ ला लागुना सेकावर नवं डांबर. २०२४ ला मोंझावर नवं डांबर आणि नव्या कडा. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी मिलिमीटरचं पाणी झालं.

उलटी गंमत हानोईची. 'एफ१ २०२०' मध्ये व्हिएतनामचा ट्रॅक होता. कोविड आला, शर्यत आधी पुढे ढकलली, मग रद्द, आणि ती आजतागायत झाली नाही. हजारो लोकांनी हानोईत एफ१ जिंकलीय, फक्त कुणी एफ१ गाडी तिथं पळवलेली नाही. तुमचं बुद्ध निदान पाच आठवड्यांत खरं झालं.

---

अर्धवट_अभियंता

हे मस्त. आमच्याकडे याला 'ॲज प्लॅन्ड' आणि 'ॲज बिल्ट' म्हणतात. दोन्हीत फरक नसेल तर ठेकेदारावर संशय घ्यावा.

---

कोथरूडची_काकू

चिरंजीवांना धागा वाचायला दिला. त्यांचं म्हणणं, "राईनकाठी काकांना विचार, व्हर्स्टॅपनचं काय?" मी निरोप्या.

---

राईनकाठी

:) मुद्दा बरोबर आहे त्याचा. एफ१ चा जगज्जेता मॅक्स व्हर्स्टॅपन सिमचा जुना किडा. २०२५ च्या सप्टेंबरात इथेच, नॉर्डश्लाइफवर, फेरारी २९६ जीटी३ मध्ये उतरला आणि जिंकला. जोडीला ख्रिस लुलहॅम, तोही सिम रेसिंगमधून आलेला. पण त्याला सांगा, जीटी३ वर्गाची गाडी चालवायच्या परवान्यासाठी व्हर्स्टॅपनलासुद्धा आधी साध्या पोर्श केमनमध्ये बसून शिकाऊ फेऱ्या माराव्या लागल्या. जगज्जेता असला तरी रॅम्पवर क्लच सोडावाच लागतो.

---

घाटमाथा

बरेच दिवस लिहू की नको करत होतो. मी गेली दीड वर्षं वरंध घाट बनवतोय, असेटो कोर्सासाठी. एकटाच. भोरकडून वर वाघजाईपर्यंत आणि मग खाली माझेरीपर्यंत.

सुरुवात फुकटच्या डेटानं केली. २००० सालच्या फेब्रुवारीत नासाच्या शटलनं रडारनं पृथ्वीची उंची मोजली होती, तो. दर ३० मीटरला एक आकडा. सपाट मुलखात ठीक आहे. घाटात रस्ता साडेपाच-सहा मीटरचा, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तीस मीटरच्या चौकोनात कडा, रस्ता आणि दरी तिघांची सरासरी येते! माझ्या पहिल्या आवृत्तीत हेअरपिनच्या वरच्या आणि खालच्या फांद्या एकाच उंचीवर आल्या. गाडी घाट उतरायच्या ऐवजी लाटांवर तरंगत होती. मुलगी म्हणाली, बाबा, हे तर समुद्रावरचं आहे.

मग मोबाइलच्या बॅरोमीटरवर आलो. बाइकवरून पाच-सहा वेळा घाट केला, उंची नोंदवत. हवेचा दाब एका हेक्टोपास्कलनं इकडेतिकडे झाला की उंचीत साधारण ८ मीटरचा घोळ, म्हणून प्रत्येक खेपेला वाघजाईच्या भजीच्या टपरीपाशी थांबून आकडा जुळवून घ्यायचो. टपरीवाल्यांना वाटायचं भज्यांसाठी येतो. खोटं नव्हतं.

रुंदी टेपनं. पहाटे सहाला मेव्हण्याला घेऊन, तो एका टोकाला, मी दुसऱ्या. बावीस ठिकाणी मोजली. जिथे डोळ्यांना एकसारखा वाटतो तो रस्ता ६.१ पासून ४.८ पर्यंत आक्रसतो. आणि तो नेमका आंधळ्या वळणावर आक्रसतो! गाडी चालवताना हे हाताला माहीत असतं, डोक्याला नसतं. मॉडेलमध्ये टाकलं आणि पहिल्यांदा वाटलं, हां, हा वरंध. अभियंता साहेबांचं मिलिमीटरचं यंत्र मला परवडणार नाही, पण हा सव्वा मीटर मिळाल्यावर बाकीची चूक माफ व्हायला लागली.

आता अडलोय. परवा गेलो तर एका वळणावरचा काळ्या-पांढऱ्या दगडांचा कठडा दहा-बारा मीटर पार गायब. पावसात खाली गेलाय. तिथं रिकामी पिंपं आणि रेडियमची पट्टी लावून ठेवलीय. माझ्या मॉडेलमध्ये कठडा शाबूत आहे, मी मे महिन्यात मोजला होता. ठेवू की काढू?

---

तिसरा_गिअर

काढा. पिंपं लावा. मी बघून ब्रेक मारीन, आणि पुढच्या वर्षी प्रत्यक्ष आलो की परत चुकेन.

---

जुना_खेळिया

ठेवा हो. पीडब्ल्यूडी बांधेल तेव्हा बांधेल, तुमच्याकडे तरी असू दे.

---

अर्धवट_अभियंता

दादा, नोव्हेंबरात महाडला साइट आहे. येताना स्कॅनर गाडीतच असतो. मोठ्यानं बोलत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

कोथरूडची_काकू

भजीची टपरी आहे ना त्यात?

---

घाटमाथा

टपरी सगळ्यात आधी बनवली काकू. वाफ पण येते.

अभियंता साहेब, व्यनि केलाय. कठड्याचं असं करतो, दोन फाइली ठेवतो. एक मे, एक ऑगस्ट.

---

चहा_आणि_चिकेन

ऑगस्टची आधी द्या.